रुमालाखालचा भाव

बारामतीत भिगवण रस्त्यावर ज्ञानेशचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. दुकानाचं नाव ‘बिरोबा सिस्टिम्स अँड सोल्यूशन्स’. कुलदैवत आणि इंग्रजी, दोघांपैकी कुणालाच नाराज करायचं नाही, असा त्यामागचा विचार. काचेचं दार, आत गार हवा आणि दाराशी पाटी : ‘कृपया चपला बाहेर काढाव्यात’. १९९९ साली कॉम्प्युटरपुढं चपला घालून उभं राहायची पद्धत नव्हती. धुळीनं यंत्र बिघडतं, असं ज्ञानेश सांगायचा, आणि ते खरंही होतं. काचेतून बाहेरच्या चपला त्याला स्वच्छ दिसायच्या, एवढं मात्र तो सांगायचा नाही.

दुकानात कुठल्याच वस्तूवर किंमत लिहिलेली नव्हती. गिऱ्हाईक विचारायचं, “हार्ड डिस्क काय भाव?” त्यावर ज्ञानेश हसून विचारायचा, “आपण कुठले?”

हा प्रश्न आपल्याकडं आपुलकीचा समजतात. गिऱ्हाईक खुलायचं. गाव कुठलं, ऊस किती, मुलगा काय शिकतो, पुण्याला आपलं कोण असतं, सगळं सांगून टाकायचं. तोवर चहा यायचा. चहा संपला की भाव जन्माला यायचा. उसाचं बिल नुकतंच हातात पडलेलं असेल तर एक भाव. कारखान्याच्या अकाउंटवाल्याला दुसरा, कारण तो चार दुकानं हिंडून आलेला असायचा. डॉक्टरला तिसरा. सरकारी कचेरीचा भाव कसा ठरायचा त्यात शिरलो तर ही गोष्ट बाजूला राहील आणि भलतीच सुरू होईल. वस्तू मात्र सगळ्यांना एकाच खोक्यातली!

भाव सांगताना ज्ञानेश आवाज खाली आणायचा. “हा फक्त तुमच्यासाठी हं. बाहेर कुणाजवळ बोलू नका.” गिऱ्हाईक खूश होऊन बाहेर पडायचं आणि खरोखरच कुणाजवळ बोलायचं नाही. चार पैसे जास्त मोजून माणसाला आपण खास आहोत असं वाटत असेल, तर आपल्यातले किती जण नको म्हणतील?

त्यातच सप्टेंबरात तैवानला भूकंप झाला आणि रॅमचे भाव चढले. कॉम्प्युटरची ही बोटभर लांबीची पट्टी तिकडून येत असे. ज्ञानेशचं कपाट जुन्या भावाच्या मालानं भरलेलं होतं. पण भूकंप वाया घालवायचा कसा? त्यानं तोही माणूस बघून वापरला. ज्याला झेपेल त्याच्यासाठी तैवान हादरलं, आणि जो पुण्याला जाऊन चौकशी करून येईल त्याच्यासाठी तिकडं सगळं शांत होतं.

दुकानाच्या कोपऱ्यात ज्ञानेशचे वडील गेणबा बसलेले असायचे. मूळ सुप्याचे. घरची मेंढरं मोडल्यावर त्यांनी दुसऱ्यांची मेंढरं विकत घेऊन बाजारात विकायचा धंदा केला आणि त्यावर पोराला शिकवलं. आता गुडघे धरले होते, म्हणून ते गार हवेत बसून पोराचा धंदा बघत. कॉम्प्युटर त्यांना कळत नव्हता. धंदा कळत होता. कुजबुजलेला भाव कोपऱ्यापर्यंत ऐकू यायचा नाही, पण गिऱ्हाईक खूश होऊन जाताना दिसायचं आणि त्यांचं मन भरून यायचं.

आता सांगा, या दुकानात सगळ्यात जास्त भाव कुणाला पडत असेल? श्रीमंताला, असं वाटेल. नाही. श्रीमंत माणूस घासाघीस करतो, वाट्टेल तेवढा वेळ करतो, तो श्रीमंत झाला त्यात या गुणाचाही हात असतो. सगळ्यात जास्त भाव पडायचा तो ओळखीच्या माणसाला. कारण ओळखीचा माणूस भाव विचारतच नाही.

विजयमालाबाई अशा ओळखीच्या होत्या.

इंदापुरात त्यांची टायपिंगची शाळा होती. ज्ञानेश लहानपणी मामाकडं राहायचा, तेव्हा तो याच शाळेत टायपिंग शिकला. बाई कडक. की-बोर्डकडं बघून टाईप करणाऱ्याच्या बोटांवर रुमाल टाकायची त्यांची पद्धत होती, म्हणजे बघायची सोयच राहायची नाही. त्यांच्या हाताखालच्या कितीतरी मुली कचेऱ्यांतून नोकरीला लागल्या. पण टाईपरायटरचे दिवस सरत आले, तेव्हा बाईंनी पतसंस्थेचं कर्ज काढलं आणि जूनमध्ये पाच कॉम्प्युटर घेतले. घेतले अर्थात ज्ञानेशकडून. “माझा विद्यार्थी आहे,” असं म्हणून त्यांनी बिलाकडं न बघता चेक लिहिला. ज्ञानेशनं त्या दिवशी चहाबरोबर बिस्किटंही मागवली होती.

महिन्याभरानं बाईंच्या शाळेसमोरच मल्हार नावाच्या पोरानं ‘सायबर ड्रीम’ नावाचा क्लास काढला. त्याची फी बाईंच्या फीपेक्षा बरीच कमी. मुली एकेक करून रस्ता ओलांडायला लागल्या.

नवरात्राच्या आधी बाई बारामतीला आल्या, तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

“ज्ञानेश, मला एक सांग,” त्या म्हणाल्या. “तो समोरचा पोरगा एवढ्या कमी फीत शिकवतो कसा? मी सगळं मांडून बघितलं. मशिनांचा हप्ता, लाईटबिल, जागेचं भाडं. मी त्याच्याइतकी फी घेतली, तर मला दिवाळीनंतर शाळेला कुलूपच घालावं लागेल. मग तो कसा चालवतो?”

तो कसा चालवतो, हे सगळ्या पुणे जिल्ह्यात एकाच माणसाला नक्की माहीत होतं आणि तो बाईंसमोर बसून चहा ढवळत होता. मल्हारचेही पाच कॉम्प्युटर याच दुकानातून गेले होते. तेच पार्ट, तीच खोकी. फरक एवढाच, की मल्हार “पुण्याला जातो मग” असं म्हणत तीन वेळा दारापर्यंत जाऊन आला होता. बाई दारापर्यंत गेल्या त्या घरी जायलाच.

ज्ञानेशला त्या वेळी खरं सांगता आलं असतं. निदान गप्प बसता आलं असतं. पण गप्प बसणं हे दुकानदाराला जमत नाही.

“बाई,” तो म्हणाला, “तो डुप्लिकेट पार्ट घालत असणार. दुसरं काय? आज चालतील, उद्या बंद पडतील.”

बाईंना ते पटलं. आपल्या विद्यार्थ्याचा शब्द. त्या इंदापुरात परतल्या आणि क्लास सोडू म्हणणाऱ्या मुलींच्या आयांना त्यांनी सांगितलं, “जायचं तर जा, पण समोरची मशिनं डुप्लिकेट आहेत.” विजयमालाबाई कधी खोटं बोलत नाहीत हे गावाला ठाऊक होतं. त्यामुळं मल्हारकडं गेलेल्या दोघी-तिघी परतही आल्या.

मग आली खंडेनवमी. इंदापुरात त्या दिवशी नांगरापासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यांना हळदीकुंकू लागतं. बाईंच्या शाळेत दरवर्षी टाईपरायटरची पूजा व्हायची, झाकणं काढून, खटक्यांवर अक्षता टाकून. टाईपरायटरनं कधी तक्रार केली नव्हती. यंदा कॉम्प्युटर होते. पूजा सांगायला आलेल्या गुरुजींनी विचारलं, “यंत्र आत आहे ना? मग डब्याची पूजा करून काय उपयोग? झाकण काढा. आणि चालू करा. बंद यंत्राची पूजा म्हणजे झोपलेल्या माणसाला नमस्कार.” बोलणं बिनतोड होतं. झाकण काढलं, कॉम्प्युटर चालू केला, हळदीकुंकू झालं, आणि गुरुजींनी मंत्र म्हणत तांब्यातलं तीर्थ आत शिंपडलं. आतून एक बारीक आवाज आला आणि पडदा काळा झाला. गुरुजी दक्षिणा घेऊन रस्ता ओलांडून मल्हारकडं पूजा सांगायला गेले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विजयमालाबाई एसटीतून उतरल्या, तेव्हा त्यांच्या कडेवर चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटरचा डबा होता. दिवाळीच्या सुट्टीतली बॅच तोंडावर आली होती. त्या बॅचवर शाळा चालणार की बंद पडणार हे ठरणार होतं.

ज्ञानेशनं झाकण उघडलं. आत अक्षता.

“बाई, हे काय?”

“तीर्थ,” बाई म्हणाल्या. “दुरुस्त होईल का तेवढं बघ.”

गेणबा उठून बाईंना खुर्ची देत म्हणाले, “बसा मॅडमबाई. देवाचं पानी हाय, त्येनं काय वाईट व्हनार न्हाय.”

“आबा, मदरबोर्ड गेलाय,” ज्ञानेश म्हणाला. “रॅमपण गेली.” त्यानं आवाज खाली आणला. “बाई, काय आहे, रॅमचं जरा अवघड झालंय बघा. तैवानला—”

तेवढ्यात काचेचं दार ढकलून मल्हार आत आला. खांद्यावर कॉम्प्युटरचा डबा, आणि डब्याच्या फटीत अडकलेलं झेंडूचं फूल.

“ज्ञानूशेठ, बोर्ड आणि रॅम उडाली. गुरुजींनी—” त्याचं लक्ष बाईंकडं गेलं.

“दोन्हीकडं येकच गुरुजी?” गेणबा आनंदानं म्हणाले. “ज्ञानू, पुढच्या साली त्यांला दुकानात भागीदार कर!”

कुणी हसलं नाही. मल्हारनं डबा टेबलावर ठेवला, तो जरा आपटूनच.

“बरं झालं बाई, इथंच गाठ पडली,” तो म्हणाला. “तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या, म्हणून आजवर गप्प बसलो. गावभर सांगत फिरता, मल्हारची मशिनं डुप्लिकेट. कुठं बघितलं तुम्ही? कधी पाय ठेवला माझ्या क्लासात?”

बाईंना खोटं बोलायची सवय नव्हती, तशी पळवाट शोधायचीही नव्हती. “बघितलं नाही,” त्या म्हणाल्या. “मला ज्ञानेशनं सांगितलं.”

“कुणी?”

“ज्ञानेशनं.”

मल्हार ज्ञानेशकडं वळला. बघता बघता त्याच्या चेहऱ्यावरचा राग गेला आणि तिथं नवल आलं. “ज्ञानूशेठ! अहो, माझी सगळी मशिनं तुमच्याच दुकानातली! ह्याच टेबलावर जोडलेली! डुप्लिकेट असतील तर ती कुणी विकली?”

“तू इथून घेतलीस?” बाईंनी विचारलं.

“पाचही.”

“कितीला?”

मल्हारनं आकडा सांगितला. बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा घातला. एका कॉम्प्युटरमागं आठ हजारांचा फरक होता. पाचांचा मिळून जो व्हायचा, तो त्यांच्या फीत मुरला होता आणि त्या फीपायी मुली रस्ता ओलांडत होत्या.

ज्ञानेशला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं, की दुकानाला मागचं दार असायला हवं होतं.

“ते झालं गेलं,” मल्हार म्हणाला. “आता ह्या बोर्डाचा आणि रॅमचा भाव सांगा. मोठ्यानं सांगा. बाईपण आहेत, मीपण आहे.”

ज्ञानेशनं कपाटाची किल्ली उचलली आणि परत ठेवली. काय सांगणार? बाईंचा भाव सांगितला तर मल्हार ओरडणार. मल्हारचा सांगितला तर बाईंचा भूकंप कुठं ठेवायचा?

“असं करू,” तो म्हणाला. “बाई, तुम्ही जरा आतल्या खोलीत बसा. मी आधी मल्हारचं बघतो. मग तुमच्याशी निवांत बोलतो.”

इथं गेणबांना राहवलं नाही. पोराची अडचण त्यांना दिसत होती, आणि अशी अडचण त्यांनी हजारदा सोडवलेली होती.

“अरं, आत कशाला न्हेतोस त्यांला?” ते म्हणाले. खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी टेबलावर पसरलं. “घे की रुमाल! आमच्या मेंढरांच्या बाजारात काय खोल्या व्हत्या का? रुमालाखाली हात घालायचा, समोरच्याची बोटं धरायची, बोटावर भाव सांगायचा. शंभर मानसं भवती हुबी असली तरी भाव फकस्त दोघांला ठावं. आदी ह्येची बोटं धर, मग मॅडमबाईंची. सगळ्यांसमोर आन कुनालाच कळायचं न्हाय!”

म्हातारा अगदी मनापासून मदत करत होता.

बाईंनी त्या उपरण्याकडं बघितलं. मग शांतपणे विचारलं, “आबा, पण रुमाल कशासाठी टाकायचा?”

“कशासाठी म्हंजी?” गेणबा म्हणाले. “शेजारच्याला कळू नये म्हनून! त्येच्याकडं बी तसलीच मेंढरं असत्यात. ह्येला किती दिलं त्ये कळलं, तर त्यो बी तेवढंच मागंल की!”

बोलून झालं आणि गेणबा हसत होते ते थांबले. समोर एकसारखे दोन डबे होते, एकसारख्या अक्षता होत्या, आणि मधे उपरणं. ज्यानं जन्मभर सौदे केले त्याला काय झालं असेल हे कळायला वेळ लागत नाही. त्यांनी हळूच उपरणं गोळा केलं.

“ज्ञानू,” ते म्हणाले, “तू ह्येच करतुयास व्हय? शिकल्याली मानसं येत्यात तुज्याकडं, म्हनून मला वाटलं, हितं भाव कागदावर छापल्याला आसंल.”

“धंदा आहे, आबा!” ज्ञानेश उसळला. वडिलांनीच असं म्हणावं याचा त्याला राग आला. “सगळेच करतात. घासाघीस करील त्याला कमी, नाही करणार त्याला जास्त. मी कुणाच्या खिशात हात घातला नाही. आणि बाई, तुम्ही तरी काय करता? गरीब मुलींची फी तुम्ही निम्मी घेता. म्हणजे तुमच्याकडंही एकच शिकवणी आणि भाव दोन. झालं की नाही तेच?”

हा मुद्दा वाचकांपैकी काहींच्या मनातही आला असेल. मल्हारही क्षणभर बाईंकडं बघायला लागला.

“घेते निम्मी,” बाई म्हणाल्या. “दारातल्या फळ्यावर लिहिलंय. फी इतकी, आणि ज्यांना अडचण आहे त्यांनी सांगावं. पूर्ण फी भरणाऱ्या मुलीलाही ठाऊक असतं की शेजारची निम्मी भरते. माझ्या तोंडावर कुणी विचारलं, तर मी कारण सांगू शकते. तू सांग ना मल्हारला कारण. किंवा मला सांग. माझी फी ज्यानं अडचण सांगितली त्याच्यासाठी कमी होते. तुझा भाव ज्यानं विश्वास ठेवला त्याच्यासाठी वाढतो. हे एकच आहे का रे?”

ज्ञानेश उघड्या डब्यातल्या अक्षता वेचायला लागला.

“भाव कमीजास्त होतात, मला कळतं. पण जो भाव तिसऱ्यासमोर सांगता येत नाही तो भाव नव्हे. त्याला नाव वेगळं आहे. मी शिक्षिका आहे म्हणून उच्चारत नाही.”

एवढं बोलून त्या उठल्या आणि मल्हारसमोर जाऊन उभ्या राहिल्या. उभं आयुष्य मुलींना ताठ बसायला शिकवलेल्या त्या बाईंनी त्या पोरासमोर हात जोडले.

“मल्हार, मी न बघता तुझी बदनामी केली. गावानं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, म्हणून तुझं जास्तच नुकसान झालं. मला माफ कर. ज्यांना ज्यांना मी बोलले त्या सगळ्यांच्या घरी जाऊन मी सांगणार आहे, की ते खोटं होतं.”

“अहो बाई! हात नका जोडू!” मल्हार दोन पावलं मागं सरला. त्याचा आवाज बदलला होता. “खरं सांगू? मला स्वस्त पडलं तेव्हा मी कुठं विचारलं, की बाकीच्यांना किती पडतं म्हणून? उलट घरी जाऊन मोठेपणा मिरवला. म्हटलं, ज्ञानूशेठला कसा गुंडाळला!”

विजयमालाबाई आता ज्ञानेशकडं वळल्या. “मी काय सांगणार ते ठरलं. तू काय सांगणार आहेस?”

त्या चिडल्या असत्या तर ज्ञानेश त्याहून जास्त चिडला असता आणि ही गोष्ट इथंच संपली असती. पण त्या विचारत होत्या. टायपिंगच्या वर्गात चुकलेली ओळ दाखवून विचारायच्या, तशाच. ज्ञानेशला एकदम कळलं, की आपण बाईंचे पैसे घेतले हे खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट घेतली. गावानं डोळे मिटून मानावा असा त्यांचा शब्द आपण उसना नेला आणि खोट्याला वापरला! तो परत कसा करायचा?

त्यानं कपाट उघडलं, दोन बोर्ड आणि दोन रॅमच्या पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या.

“बोर्ड सदतीसशे,” तो म्हणाला. सवयीनं आवाज खालीच आला होता, म्हणून त्यानं पुन्हा मोठ्यानं सांगितलं. “बोर्ड सदतीसशे. रॅम बावीसशे. दोघांना. भूकंपाआधीचा माल आहे, भूकंपाआधीचा भाव. आणि बाई, जूनमधल्या मशिनांचा फरक मी परत करतो. आजच.”

“तो करशीलच,” बाई म्हणाल्या. “मी विचारलं ते वेगळं होतं.”

“मी येतो इंदापूरला. तुमच्याबरोबर घरोघरी. खोटं मी बोललो, मग सांगायला तुम्ही का?”

दुपारच्या एसटीत ज्ञानेश बसला. मांडीवर दुरुस्त झालेला डबा, शेजारी बाई. लासुर्णे गेलं, निमगाव गेलं.

पहिलं घर सिंधुबाईंचं. सिंधुबाई माळव्याच्या, म्हणजे भाजीपाल्याच्या वाफ्यावर राबायच्या आणि बाजारात पाटी घेऊन बसायच्या. त्यांची निकिता बाईंकडं शिकत होती. सिंधुबाई अंगणात गवार निवडत होत्या. दोघांना बघून त्यांनी पोतं अंथरलं.

बाईंनी आपलं सांगितलं. मग ज्ञानेशनं आपलं सांगितलं, सगळं, आठ हजारांच्या फरकासकट. सिंधुबाईंनी शेंगा मोडता मोडता ऐकून घेतलं.

“म्हंजी,” त्या म्हणाल्या, “मॅडमची फी जास्त का, तर तुमी मशिनी म्हाग दिल्या. आसंच न्हवं?”

“होय.”

“आवं, मग त्ये पैसं मॅडमनी कुठं दिलं? आमीच दिलं की! निकीची पैंजनं मोडली म्या फी भराया.” त्यांनी गवारीची एक शेंग बाजूला टाकली. “आन तुमी तर आमचं तोंड बी बघितल्यालं न्हवतं.”

ज्ञानेशनं बाईंकडं बघितलं. बाईंनी मान खाली घातली होती.

बारामतीच्या गार दुकानात बसून त्यानं किती तरी लोकांच्या चपला बघून भाव ठरवले होते. पण भाव तिथं थांबत नाही, तो पुढं चालत जातो, आणि घासाघीस करायला ज्याला जागाच नसते अशा माणसाच्या अंगणात जाऊन बसतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

“मावशी, मी चुकलो,” तो म्हणाला.

“चुकलात तर खरंच,” सिंधुबाई म्हणाल्या. “आता मी बी काय देवमानूस न्हाय. गाडीतनं उतरल्याला पाव्हना दिसला की गवार दोन रुपय वरच सांगते. पन वरडून सांगते! शेजारी धा जनी पाट्या घिऊन बसल्यात, त्येला पटलं न्हाय तर म्होरं जातोय. तुमचा धंदा कुजबुजायचा. कानात कुजबुजलं की मानूस म्होरं कुठं जानार?” मग आत बघून त्यांनी हाक मारली, “निके, च्या टाक गं! बारामतीचं शेठ आल्यात, खरं बोलायला आल्यात. आसं रोज कोन येतंय?”

फरकाचे पैसे हातात पडल्यावर बाईंनी फी उतरवली आणि आधी भरलेल्यांचे वरचे पैसे परत दिले. मल्हारनं आपली फी होती तेवढीच ठेवली. काही मुली बाईंकडं आल्या, काही मल्हारकडंच राहिल्या. दिवाळीची बॅच भरली. अगदी ओसंडून नाही, पण शाळेला कुलूप लागलं नाही.

‘बिरोबा सिस्टिम्स’च्या दारात भावाचा मोठा फळा लागला, रोजच्या तारखेसह. गेणबा तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे, स्वतःला वाचता येत नसलं तरी. पहिला महिना धंदा पडला. आणि तो का पडला हे ऐकण्यासारखं आहे. ज्यांना आजवर महाग पडत होतं, त्यांच्यापैकी कुणी आभार मानायला आलं नाही, कारण आपल्याला महाग पडत होतं हेच त्यांना माहीत नव्हतं. तक्रार घेऊन आले ते एक डॉक्टर. फळा वाचून त्यांनी ज्ञानेशला बाजूला घेतलं.

“अरे, मलाही हाच भाव? मग आपली एवढी ओळख कसली?”

“डॉक्टरसाहेब,” ज्ञानेश म्हणाला, “पूर्वी तुम्हाला ह्यापेक्षा जास्त पडत होता.”

डॉक्टरांनी फळा पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. जास्त दिल्याचं त्यांना वाईट वाटलं की खास नसल्याचं, हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण पुढची खरेदी त्यांनी ‘फक्त तुमच्यासाठी’ म्हणणाऱ्या दुसऱ्या दुकानात केली.

तेव्हा नागरिकहो, एकाच मालाचे दहा भाव करणारा दुकानदार दोषी आहेच. पण त्याला ती सोय कोण करून देतं? आपणच. आपल्याला चार पैसे कमी पडले की आपण गुपचूप पिशवी उचलतो, आणि ते पैसे कुणाकडून वसूल होणार याची चौकशी करत नाही. ते वसूल होतात विश्वास ठेवणाऱ्याकडून, आणि त्याच्याकडून पुढं, जिचं नावही आपल्याला ठाऊक नाही अशा एखाद्या सिंधुबाईकडून. व्यवहार चोख व्हावा असं खरंच वाटत असेल, तर कायद्याची वाट बघायला नको. भाव मनासारखा मिळाला तरी दुकानातून निघायच्या आधी एवढंच विचारावं, आणि बाकीच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारावं : “हाच भाव सगळ्यांना आहे ना?”